दिवस मावळायच्या आत जेवणारे देव

आई,

तुम्ही गेलात तेव्हा आपला दाराप्पा नदीच्या अलीकडच्या काठावर उभा होता. अजून तिथंच उभा आहे. पलीकडं शहराचं दार बंद, दाराच्या आत त्याची मुलगी, आणि मधून वाहणारं पाणी. शेवटची चाळीसेक पानं वाचली की ती दार उघडते की नाही ते कळेल. पण ती पानं मी उलटलेली नाहीत. एकमेकींना सोडून पुढं जायचं नाही असं आपलं ठरलं होतं ना. लवंगांच्या पुडीचा कागद तुम्ही खूण म्हणून आत घातला होता, तो तसाच आहे. पुस्तक उघडलं की लवंगेचा वास येतो, म्हणून मी ते उघडायचंही टाळते.

लोक भेटायला येतात, विचारतात, सासूबाईंचं वय काय होतं, काय होत होतं त्यांना. मी सांगते. सगळं खरं तेच सांगते, पण सांगताना वाटत राहतं की हे दुसऱ्याच कुणा बाईबद्दल चाललंय. तुमच्याबद्दल सांगायचं तर मला देवांपासून सुरुवात करावी लागेल, आणि दारात चपला काढून उभ्या असलेल्या माणसाला मी देवांचं काय सांगणार?

ते पुस्तक आपल्या सईचं. पुण्याला कॉलेजला जाताना ती ते इथंच टाकून गेली. विटेएवढं जाड, इंग्रजी, वर चार डोळ्यांच्या देवाचं चित्र. लहान मुलांनी वाचायचं नाही, एवढं ती जाताना बजावून गेली होती, जसं काही घरात लहान मुलं उरली होती. तुमच्या डोळ्यांनी तोवर दगा दिला होता. उभा जन्म वाचनालयाची पुस्तकं आणून वाचलेल्या तुम्ही, आता पेपरातले मथळेसुद्धा वाकडे दिसतात म्हणायचात. त्या दिवशी मागच्या गच्चीत उन्हाला बसून तुम्ही ते पुस्तक दोन्ही हातांनी तोललंत.

"ह्यात काय हाय गं मेघा?"

"देवांची गोष्ट आहे."

"मग वाच की. बघतीस काय?"

आणि मी इंग्रजीतून बघत बघत मराठीत सांगायला लागले. मला वाटलं होतं, पुराणासारखं काहीतरी असेल या आशेनं तुम्ही बसलाय, हे देव कसले आहेत ते कळलं की उठाल. कारण ते देव खोटं बोलत होते, दारू पीत होते, एकमेकांना विष घालत होते. पांढऱ्या डोंगरावर एक शहर, तिथं ते माणसांच्या शेजारी राहायचे आणि माणसांच्या शपथांवर जगायचे. कुणी शपथ घेतली की देवाचं आयुष्य वाढायचं. मी भीत भीत तुमच्याकडं बघितलं. तुम्ही डोळे मिटून पदराशी चाळा करत होता.

"थांबलीस का?"

"नाही, म्हटलं, देव असे वागतात हे तुम्हाला कसंतरी वाटेल."

"त्यात काय वाटायचं? देव झाला म्हणून काय झालं, पुण्य हाय तवर वर ऱ्हायाचं, संपलं की त्योबी खाली. आमच्यात देव म्हंजे काय शेवटचा मुक्काम न्हवं. सुटका माणसालाच, देवाला न्हाय. म्हणून तर जळत्यात ते माणसावर. वाच पुढं."

मी पंचवीस वर्षं तुमच्या जैन घरात नांदतेय, तुमच्याबरोबर बस्तीत, तुमच्या देवळात, जाऊन आलेय, पण देव माणसांवर जळतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका वाक्यानं ते सगळं पुस्तक मला वेगळंच दिसायला लागलं. सईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आज्जी भारी आहे." भारी होताच तुम्ही. पण तोंडावर कोण म्हणणार?

खरी पंचाईत पुढंच होती. पहिल्याच प्रकरणात मेजवानी निघाली. देव शिकारीवरून आलेले, अख्खं रानडुक्कर भाजून मध्ये ठेवलेलं, चरबी ठिबकतेय. माझं माहेर राधानगरीकडचं, आमच्या घरी रविवार मटणाच्या वासानंच उजाडायचा. पण या घरात लग्न होऊन आल्यापासून तो शब्दही मी तुमच्यासमोर काढला नव्हता. तुम्ही कधी मना केलं नव्हतं, मीच काढला नव्हता. जीभ अडली. आणि मी म्हणाले, "मग देव जेवायला बसले. भाकरी होती. वांग्याचं भरीत होतं."

तुम्ही एक डोळा उघडलात. "वांगं? चातुर्मास चाललाय की."

चार महिने आपल्या घरात वांगं येत नाही, हे भाजी मीच आणत असून त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. मी घाईघाईनं म्हणाले, "चुकलं. दोडका होता."

"आणि दिवस मावळला हुता का?"

"नव्हता."

"मग बरं," म्हणालात आणि परत डोळे मिटलेत.

झालं. तेव्हापासून त्या पुस्तकातले देव दोडका खायला लागले. युद्धाचा देव, ज्याच्या नुसत्या पावलांनी भिंती पडायच्या, तो लढाईवरून आला की हातपाय धुऊन, उजेड आहे तोवर दोडक्याची भाजी आणि भाकरी खाऊन मोकळा व्हायचा. प्रेमाच्या प्रसंगांचंही तेच. त्या लेखिकेनं काही म्हणजे काही हातचं राखलं नव्हतं. मी पानं चाळून म्हणायची, "मग ते दोघं बोलत बसले."

"रात्रभर?"

"हो."

"लई बोलायचं साठलं असंल," तुम्ही म्हणायचात आणि पन्हाळ्याच्या बाजूला तोंड करून हसायचात. मला वाटायचं मला दिसत नाही असं तुम्हाला वाटतंय.

तुम्हाला सगळं कळत होतं, हे बऱ्याच उशिरा उघड झालं. एका प्रकरणात शिकारीचं वर्णन इतकं सुंदर होतं की मी रंगून जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. धुकं, भाले, डुकराची धाव. आणि पुढच्याच पानावर सवयीनं दोडका वाढला. तुम्ही शांतपणे विचारलंत, "मग त्या डुकराचं काय केलं त्यांनी? पुरलं?"

"विकलं," मी म्हणाले.

"देवांनी?"

त्यानंतर आपण दोघी जे हसलो ते ऐकून खालून अजित बघायला आला, कुणी पडलंबिडलं की काय. तुमचा मुलगा दारात उभा आणि तुम्हाला ठसका लागलेला. मी विचारलं, आता खरं वाचू का? तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "नगं. दोडकंच बरं हाय. आता त्यास्नी सवय लागली."

त्या नायकाचं खरं नाव एवढं लांबलचक की तुमच्या तोंडात बसेना. तो शहराच्या दाराचा राखणदार, म्हणून तुम्ही त्याला दाराप्पा केलंत. मिठाची देवी झाली मिठाक्का. कर्नाटकच्या सीमेवरचं तुमचं माहेर असं अधूनमधून डोकं वर काढायचं. शहर तुम्ही पन्हाळ्यावर नेलंत, दार म्हणजे तिथला तीन दरवाजा आणि नदी म्हणजे आपली पंचगंगा. पन्हाळा आणि पंचगंगा एवढ्या लांब आहेत, हे मी सांगितलं तर म्हणालात, "देवांचं शहर हाय, जरा सरकून घेतील."

दुपारची, ऊन कलल्याची वेळ, उसाच्या गाड्या लांब कुठंतरी घरघरतायत, तुमच्या मांडीवर वाळत घातलेल्या शेवयांच्या ताटाची सावली. वाचता वाचता मलाच झापड यायची आणि मी पुस्तकातलं सांगतेय की स्वप्नातलं, ते कळेनासं व्हायचं. तुम्हालाही ते कळत नसावं. कधी तुम्हीच मध्येच सांगायला लागायचात, दाराप्पा आज नदीवर धुणं धुताना दिसला म्हणून. मी ते पुस्तकात शोधायची. नसायचं. पण पुढं वाचताना मलाही तो ओल्या हातांचाच दिसायचा.

आपलं भांडण मात्र खरंखुरं होतं. दाराप्पानं शपथ घेतली होती की उजाडेपर्यंत दार उघडणार नाही. बाहेर शत्रूचं सैन्य. आणि त्या सैन्याच्या पुढं, दारावर हात बडवत, त्याची लहान मुलगी. त्यानं दार उघडलं. मुलगी आत आली, पाठोपाठ सैन्यही आत आलं, शहर जळालं. पुन्हा उभ्या राहिलेल्या शहरात ती मुलगी मोठी झाली तीच मुळी बापाचं तोंड न बघता. मेलेल्यांना परत आणायचं म्हणून तो पुढं आयुष्यभर देवांना मारत सुटला, मित्रांना फसवलं, नको ते केलं. सई म्हणाली होती की हल्ली असल्या गोष्टींतली माणसं काळीपांढरी नसतात, करडी असतात. तुम्ही म्हणालात, "करडं म्हंजे? माणूस हाय का मांजर?"

मी म्हणायची, त्याला माफ करायला पाहिजे. लेकरू दाराबाहेर रडतंय, कोण बाप उघडणार नाही?

"त्यानं शपथ मोडली."

"प्रेमापोटी मोडली ना, आई."

"पोटी कायबी असू दे. मोडली न्हवं? आता लेकीनं दार उघडायचं न्हाय. संपलं."

हे 'संपलं' एवढ्या जोरात यायचं की मी पुढं बोलायची नाही. कारण तुम्ही दाराप्पाबद्दल बोलत नव्हता, हे मला माहीत होतं. अजितनं लग्नानंतर लगेच मला सांगितलं होतं. तुमच्या आईनं शेवटच्या आजारात सांगून ठेवलं होतं, मला घरातच राहू द्या, दवाखाना नको, उजेड गेल्यावर पोटात काही घालू नका. जन्मभर पाळलेलं व्रत होतं ते. तुमच्या धाकट्या भावानं, तम्मामामांनी, तसा शब्दही दिला होता. पण श्वास घुसमटायला लागला तेव्हा त्यांना ते बघवलं नाही. उचलून दवाखान्यात नेलं. तिथं नळीतून दूध जात राहिलं, दिवसा गेलं, रात्री गेलं, आणि त्या नळीसकट त्या गेल्या. तुम्ही पोचलात तेव्हा तुम्हाला तेवढी नळीच दिसली. तेव्हापासून मामांशी तुमचं बोलणं बंद. दरवर्षी क्षमावाणीला तुम्ही सकाळपासून फोन घेऊन बसायचात, चुकलंमाकलं माफ करा, सगळ्यांना, अगदी ज्याच्याशी वर्षभरात दोन शब्द बोललेलं नाही त्यालाही. दूधवाल्यापुढंही हात जोडायचात. माझ्यापुढंही जोडायचात तेव्हा मला पळून जावंसं वाटायचं. एक फोन तेवढा व्हायचा नाही.

मग थंडीत तुम्हाला धाप लागली. अजितनं आणि मी तुम्हाला न विचारताच गाडीत घातलं. सकाळी तुम्ही डोळे उघडलेत आणि वर टांगलेल्या बाटलीकडं बघितलंत.

"हे रातभर चालू हुतं?"

मी हो म्हणाले. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. बाई गं! आता माझंही तम्मामामांसारखं होणार, आता क्षमावाणीला माझ्यापुढंही हात जोडले जाणार नाहीत, असं वाटलं. त्या हात जोडण्यावरून मी तुमच्यावर किती चिडायची, आणि तेच जाईल या भीतीनं मी त्या खाटेपाशी रडले. थोड्या वेळानं तुम्ही म्हणालात, "चव न्हवती त्याला कसली. म्हणून खपवून घेते." आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न, "दाराप्पा कुठवर आलाय?"

त्यानंतर सकाळी जप झाला की तुम्ही फोन घेऊन गच्चीत बसायला लागलात. मला वाटायचं, बस्तीतली कुणी मैत्रीण असेल. कपडे वाळत घालताना कानावर 'मिठाक्का' वगैरे पडायचं आणि मला बरं वाटायचं, कुणाला तरी सांगतायत, मन रमतंय. कोण आहे ते मी विचारलं नाही. दुपारी परत आपलं भांडण होतंच. दार उघडायचं न्हाय म्हंजे न्हाय.

आणि मग त्या गुरुवारी तुम्ही आंघोळ करून जपाला बसलात आणि उठलाच नाहीत. दवाखान्याला, मला, अजितला, कुणालाच मध्ये येऊ दिलं नाहीत. तुमच्या मनासारखं झालं म्हणून मी समाधान मानते, आणि पुढच्या क्षणाला तुमचा भयंकर राग येतो. चाळीस पानं राहिली होती, आई. निदान चाळीस पानं तरी.

तम्मामामा मातीला, स्मशानात आले होते. सगळ्यांच्या मागं, झाडाला टेकून उभे होते आणि कुणाशी न बोलता निघून गेले. आपल्या घरात ते पुन्हा येतील असं वाटलं नव्हतं. पण रविवारी चार वाजता दारात उभे. पांढरी टोपी, हातात काकड्यांची पिशवी. अजित झोपला होता. मी त्यांना गच्चीत नेलं. तुमच्या खुर्चीत न बसता त्यांनी कट्ट्यावर बसणं पसंत केलं.

"पुस्तक कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं पोथीबद्दल विचारतायत. "कुठलं?"

"दाराप्पाचं."

मी आतून आणून दिलं. त्यांनी त्या चार डोळ्यांच्या देवाकडं बराच वेळ बघितलं. "ह्योच व्हय त्यो, दोडका खाणारा," म्हणाले. तुम्ही रोज सकाळी फोनवर कुणाला गोष्ट सांगत होता ते मला त्या वेळी कळलं. मामा म्हणाले, धुळीत बसून फोन ऐकायचो, रानात. पहिल्या दिवशी अक्काचा आवाज ऐकला आणि फोनच हातातून गळला. वाटलं आता ती आईचा विषय काढणार. पण ती म्हणाली, एक राखणदार हुता, ऐक. तेवढंच. त्या विषयावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत आणि त्यांनीही नाही.

"शेवट तर लई झ्याक हाय की," मामा म्हणाले.

"शेवट?"

"आदल्या दिवशीच सांगितला न्हवं अक्कानं. बुधवारी."

मग त्यांनी तो मला सांगितला, हळूहळू, तुमच्याच शब्दांत असावा. दाराप्पा नदीच्या काठावर उभा. शहरातली माणसं सांगतायत, उघडू नको. देव सांगतायत, उघडू नको. लेक दारापाशी येते. आकाशाकडं बघते. सूर्य पन्हाळ्याला टेकलाय. आणि ती दार सताड उघडून हाक मारते, "अवो बाबा, बिगीबिगी या. दिवस मावळायला आलाय. तुमच्यासाठी जेवायची थांबलेय."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग म्हणाली, रविवारी ये. चारला ये, म्हंजे उजेडात जेवणं हुत्यात. मी म्हटलं, येतो अक्का." त्यांनी मान खाली घातली. "रविवार हाय की आज. म्हणून आलोय."

किती लबाड बाई तुम्ही! रोज दुपारी माझ्याशी भांडायचं, उघडायचं न्हाय म्हणून, आणि सकाळी भावाला दार उघडून द्यायचं. एकमेकींना सोडून पुढं जायचं नाही म्हणे. मी फक्त डुकराचा दोडका केला होता. तुम्ही पुस्तकाचा शेवटच लिहून टाकलात, आणि मला सांगितलाही नाहीत. आता मी भांडू कुणाशी?

"त्येच लिवलंय न्हवं ह्यात?" मामांनी पुस्तक माझ्याकडं देत विचारलं. "म्हंजे, अक्कानं मनानं न्हाय ना सांगितलं?"

पुस्तक माझ्या हातात होतं. लवंगेचा वास येत होता. पुढं काय लिहिलंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. सईला माहीत आहे, पण मी तिला सांगून ठेवलंय, तोंडातून शब्द काढायचा नाही. मी मामांना म्हणाले, "व्हय मामा. असंच लिहिलंय."

सुतक होतं. सुतकात पाहुण्याला ताट वाढतात की नाही, मला ठाऊक नव्हतं, आणि असल्या गोष्टी मी ज्यांना विचारायची त्या तुम्ही नव्हता. मी खाली आले. दोडका चिरला, तुम्ही शिकवलात तसा, शिरा काढून, जाडसर. भाकऱ्या थापल्या. ताट घेऊन गच्चीत गेले तर मामा पन्हाळ्याकडं बघत होते. सूर्य खाली आला होता, ऊन लांबट झालं होतं आणि त्या धुरकट तांबूस उजेडात डोंगर खरंच थोडा जवळ सरकल्यासारखा वाटत होता.

"बसा मामा," मी म्हणाले, "दिवस मावळायला आलाय."

ते बसले. हात जोडले, मग भाकरी मोडली. पहिल्या घासाला थांबले, तोंड फिरवलं, आणि मग भराभर जेवायला लागले, उशीर झालेलं माणूस जेवतं तसे. मी दुसरी भाकरी वाढली. उजेड अजून होता.